पाळी आणि तिथी : पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या प्रवासमार्गदर्शिकेची प्रस्तावना

प्रवासमार्गदर्शिका हा ग्रंथप्रकार मराठीत मुख्यतः तीर्थक्षेत्रे, गडकिल्ले, थंड हवेची ठिकाणे आणि अलीकडच्या काळात परदेशप्रवास यांच्या आश्रयाने वाढला. कारखान्यांच्या मुलखातही पाहुणा म्हणून जाता येते आणि जाण्याआधी तेथील रीतिरिवाज समजून घ्यावे लागतात, हा विचार त्यात फारसा रुजला नाही. पुण्याच्या वायव्येस आणि उत्तरेस, पवना आणि इंद्रायणी या दोन नद्यांच्या आधाराने पिंपरीपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात मात्र बाहेरगावच्या माणसांचा राबता कधी थांबत नाही. नव्या नोकरीवर हजर होण्यासाठी मराठवाड्यातून आलेला आयटीआयचा विद्यार्थी, यंत्र बसवून देण्यासाठी आलेला जर्मन, जपानी किंवा कोरियन अभियंता, आळंदी-देहूच्या दर्शनाला निघालेला वारकरी आणि मुलाचे बिऱ्हाड कसे लागले आहे ते पाहायला आलेले त्याचे आई-वडील, हे सारे येथे एकाच फाट्यावर उतरतात. प्रस्तुत मार्गदर्शिका या सर्वांसाठी आहे आणि तिच्यामागचे प्रतिपादन एकच आहे : या पट्ट्यात दोन कालगणना एकाच वेळी चालतात, एक कारखान्याच्या पाळीची आणि दुसरी पंचांगातल्या तिथीची, आणि ज्याला या दोन्ही वाचता येतात त्यालाच येथील रस्ता, बाजार, सण आणि माणसे यांचा अंदाज बांधता येतो.

या पट्ट्यात तीन भाग एकत्र धरले आहेत. पहिला भाग जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या आणि लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना वसलेल्या पिंपरी-चिंचवड महानगराचा, ज्यात पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी आणि भोसरी ही मूळची वेगवेगळी गावे आज एकमेकांत मिसळली आहेत. दुसरा भाग देहू, चिखली, मोशी आणि आळंदी यांना जोडणाऱ्या इंद्रायणीकाठाचा. आणि तिसरा भाग नदी ओलांडल्यावर खेड तालुक्यात सुरू होणारा, पुणे-नाशिक महामार्गावरच्या चाकणचा आणि त्याभोवतीच्या महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, आंबेठाण, वासुली अशा गावांचा. नकाशावर हा सगळा मुलूख आटोपशीर दिसतो, कारण नाशिक फाट्यापासून चाकण अवघे वीसेक किलोमीटरवर आहे. परंतु हे अंतर काटायला किती वेळ लागेल हे किलोमीटरवर ठरत नाही, निघण्याच्या वेळेवर ठरते. पाहुण्याने सर्वप्रथम हीच गोष्ट ध्यानात घ्यावी.

कारखाने येण्यापूर्वी येथे मोकळे माळरान होते, असा समज नव्याने आलेल्या माणसाचा सहज होतो. वास्तविक उद्योगांनी ज्या भूमीवर पाय ठेवला ती महाराष्ट्रातील भक्तिपरंपरेची अत्यंत जुनी आणि गजबजलेली भूमी होती. आळंदीस ज्ञानेश्वरांनी शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६ मध्ये, कार्तिक वद्य त्रयोदशीस समाधी घेतली. देहू हे सतराव्या शतकातील तुकारामांचे गाव. आणि पवनेकाठच्या चिंचवडला गणपतीला परब्रह्म मानणाऱ्या गाणपत्य संप्रदायाचे थोर सत्पुरुष मोरया गोसावी यांची समाधी आहे. चिंचवडच्या देवस्थानाकडे अष्टविनायकांपैकी मोरगाव, थेऊर आणि सिद्धटेक या तीन स्थानांची व्यवस्था असून भाद्रपद आणि माघ अशा दोन महिन्यांत चिंचवडहून मंगलमूर्तीची पालखी मोरगावला जाते. चाकणचा भुईकोट, म्हणजे डोंगराऐवजी सपाटीवर बांधलेला किल्ला, संग्रामदुर्ग या नावाने ओळखला जातो. १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या मोठ्या फौजेसमोर किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी तो जवळजवळ दोन महिने झुंजवला आणि सुरुंगाने बुरूज उडाल्यानंतरच तो पडला. आज त्याचे थोडे अवशेष भर वस्तीत उभे आहेत आणि चाकणला केवळ कामानिमित्त येणाऱ्यांपैकी बहुतेक जण ते न पाहताच परततात.

याच चाकणचे संताजी जगनाडे यांचे नाव या ठिकाणी विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. तेलघाणीचा व्यवसाय करणारे संताजी तुकारामांच्या टाळकऱ्यांपैकी एक होते आणि तुकारामांचे अभंग उतरवून ठेवणाऱ्यांत संताजींची गणना होते. चाकण-तळेगाव परिसरातील सुदुंबरे येथे त्यांची समाधी आहे. तुकाराम स्वतः दुकानदारी आणि शेती करणारे होते आणि वारकरी संतांची मालिका कुंभार, माळी, सोनार, शिंपी अशा कसबी लोकांनीच भरलेली आहे. हातातला धंदा न सोडता नामस्मरण करावे, ही शिकवण या काठावर रुजली होती. त्यामुळे कारखान्यातून सुटून थेट कीर्तनाला जाऊन बसणारा कामगार या प्रदेशात कोणाला वावगा वाटत नाही आणि पाहुण्यालाही त्यात विसंगती दिसू नये.

औद्योगिक इतिहासाचे टप्पे थोडक्यात असे सांगता येतील. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत पिंपरीत झाली. तिला आजही ‘कॅम्प’ म्हणतात आणि पिंपरीची मोठी बाजारपेठ तिच्याच उद्यमशीलतेतून उभी राहिली. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिन बनवणारा सरकारी कारखाना पिंपरीत स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘एमआयडीसी’, अस्तित्वात आली आणि तिने घेतलेल्या जमिनींवर त्या दशकात आणि पुढे बजाज ऑटो, टेल्को (आताची टाटा मोटर्स) यांसारखे मोठे वाहनउद्योग आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी असंख्य लहान वर्कशॉपे उभी राहिली. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये कामगारांच्या घरबांधणीसाठी नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२ मध्ये महानगरपालिका, असा नागरी कारभार वाढत गेला. शहरातली जागा अपुरी पडू लागल्यावर उद्योग इंद्रायणीपलीकडे सरकले : १९९९ मध्ये बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीझ-बेंझ यांचे प्रकल्प तेथे आले आणि महिंद्राचाही कारखाना पाठोपाठ उभा राहिला. १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत चाकण, आळंदी आणि देहूरोड यांचा समावेश झाला, तेव्हा हा सगळा पट्टा एक आहे हे प्रशासनानेही एका परीने मान्य केले.

कामासाठी दूरदेशीहून आलेल्या माणसांमुळे एखाद्या प्रदेशाची संस्कृती कशी घडते, याचे उदाहरण म्हणून कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद या बेटाकडे पाहणे उपयोगाचे ठरेल. मराठी वाचकाला त्याची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन ठाऊक आहे ती बहुधा १९७१ साली अजित वाडेकर यांच्या संघाने तेथे वेस्ट इंडीजवर मिळवलेल्या पहिल्या कसोटी विजयामुळे आणि त्याच सामन्यात सुनील गावसकर यांनी केलेल्या पदार्पणामुळे. त्या बेटावर ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ या जहाजातून भारतीय मजुरांची पहिली तुकडी उतरली आणि गिरमिट, म्हणजे ठरावीक वर्षांच्या मजुरीचा करार, ही पद्धत १९१७ मध्ये बंद होईपर्यंत एक लाख चाळीस हजारांहून अधिक भारतीय तेथील उसाच्या मळ्यांत पोहोचले. त्यांतील मोठा भाग आजच्या बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातला, भोजपुरी-अवधी बोलणारा होता. तेथे जाणाऱ्याला चांगली मार्गदर्शिका कार्निव्हलच्या मिरवणुका कधी निघतात एवढेच सांगून थांबत नाही. होळीचा फगवा, मोहरमचे ताबूत मिरवणारा होसे, चण्याची उसळ भरलेले ‘डबल्स’ हे रस्त्यावरचे खाणे आणि तेलाच्या रिकाम्या पिंपांपासून कामकरी वस्त्यांनी घडवलेले स्टीलपॅन हे वाद्य, या सर्वांमागे कोण माणसे कधी आणि कशासाठी आली हेही ती समजावते, आणि लष्करी ठिपक्यांचे कपडे नागरिकांनी घालणे तेथे कायद्याने मना आहे, यासारखी व्यवहाराची गोष्टही बजावते. त्याच भोजपुरी मुलखातून आज चाकणच्या कारखान्यांत तरुण येतात आणि मोशीच्या इंद्रायणी घाटावर छठपूजेला मावळत्या व उगवत्या सूर्याला अर्घ्य देतात. गिरमिटिया मजुरांपैकी बहुतेक जण परतले नाहीत. चाकणचा कामगार दिवाळी-छठीला गावी जाऊन येतो. हा भेद मोठा आहे. परंतु मळा असो वा कारखाना, त्याच्या भोवती जी संस्कृती जमते तिचा मार्गदर्शक लिहिताना माणसांच्या येण्याचा क्रम आधी सांगावा लागतो, हा धडा दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

तो क्रम येथे असा दिसतो. तळाशी मूळ गावकी आहे, जिची शेती एमआयडीसीत गेली आणि जिच्यातील अनेक घरे आज खोल्या भाड्याने देणे, वाहने आणि पाण्याचे टँकर पुरवणे अशा व्यवसायांत स्थिरावली आहेत. तिच्यावर सिंधी व्यापाऱ्यांचा थर, मग साठ-सत्तरच्या दशकांत पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून आणि दक्षिणेतून, विशेषतः केरळातून, आलेल्या कायम कामगारांचा थर आहे, ज्यांची मुले आता प्राधिकरणातील पक्क्या घरांत वाढली आहेत. सर्वांत अलीकडचा थर कंत्राटी कामगारांचा, म्हणजे कंपनीत काम करूनही ठेकेदाराच्या हजेरीपटावर असणाऱ्यांचा. एका खोलीत चार-पाच जण राहतात आणि पाळ्या वेगळ्या असल्यास एकाची झोप संपते तेव्हा दुसऱ्याची सुरू होते. श्रावणात खानदेशी कुटुंबे कानबाईची स्थापना करतात, ओणमला केरळी घरांपुढे फुलांच्या रांगोळ्या पडतात आणि चेटीचंदला पिंपरी बाजारात झूलेलालचा उत्सव होतो. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली आणि १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेपूर्वीची ही घटना असल्यामुळे ते स्थान बौद्ध अनुयायांना विशेष पवित्र आहे. चिंचवड हे चापेकर बंधूंचेही गाव आहे. २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडणाऱ्या या भावांचा वाडा आता स्मारकरूपात आहे. ही सर्व स्थाने एकमेकांपासून फार दूर नाहीत, आणि तीर्थ व कारखाना एवढ्याच दोन रंगांत हा प्रदेश पाहणाऱ्याच्या नजरेतून ती निसटतात.

तिथीच्या कालगणनेत सर्वांत मोठा काळ वारीचा. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून तुकारामांची आणि अष्टमीस आळंदीहून ज्ञानेश्वरांची पालखी पंढरपूरकडे प्रस्थान ठेवते, म्हणजे विधिपूर्वक निघते. तुकारामांच्या पालखीचा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात होतो आणि दुसऱ्या दिवशी ती जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने, कारखान्यांच्या कुंपणभिंतींलगत, पुण्याकडे सरकते. ज्ञानेश्वरांची पालखी आळंदीहून दिघीमार्गे पुढे जाते. या दोन-तीन दिवसांत महत्त्वाचे रस्ते वाहनांसाठी बंद होतात, कंपन्यांच्या बसगाड्यांचे मार्ग बदलतात आणि ज्या पाहुण्याला त्या दिवशी कारखान्याची बैठक ठरवायची असेल त्याने ती खुशाल पुढे ढकलावी. पालखी पाहताना काही मर्यादा पाळाव्या लागतात. दिंडी म्हणजे एका वीणेच्या आधाराने चालणारा वारकऱ्यांचा समूह. त्यात पुढे भगव्या पताका, त्यामागे टाळकरी, मध्ये मृदंग व वीणेकरी आणि मागे डोक्यावर तुळशीवृंदावन व पाण्याचा हंडा घेतलेल्या स्त्रिया, अशी रचना असते आणि पालखीच्या रथाच्या पुढच्या व मागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले असतात. ही रांग मधून तोडून रस्ता ओलांडू नये, छायाचित्रासाठी टाळकऱ्यांच्या वाटेत उभे राहू नये, आणि कोणी आपल्याला ‘माऊली’ म्हणून पाया पडल्यास संकोच न करता उलट नमस्कार करावा, कारण वारीत वय, जात आणि हुद्दा बाजूला ठेवून प्रत्येक जण प्रत्येकाला याच नावाने हाक मारतो.

आळंदीची कार्तिकी यात्रा, देहूची फाल्गुन वद्य द्वितीयेची तुकाराम बीज आणि चिंचवडचा मार्गशीर्षातील मोरया गोसावी समाधी महोत्सव हे गर्दीचे इतर काळ होत. एरवी आळंदीस दर्शनबारी, म्हणजे दर्शनाची रांग, सकाळी लवकर तुलनेने लहान असते. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या जोग महाराजांच्या वारकरी शिक्षण संस्थेमुळे आणि तिच्या वळणावर निघालेल्या इतर संस्थांमुळे हे गाव कीर्तनकार घडवणारे गावही झाले आहे, तेव्हा संध्याकाळी एखादे कीर्तन ऐकल्याशिवाय पाहुण्याने निघू नये. मध्येच उठायचे असल्यास मागे बसावे, एवढे पथ्य पुरेसे आहे. आळंदी लग्नांचेही गाव आहे आणि लग्नसराईत येथील मंगल कार्यालयांमुळे रस्ते भरून वाहतात, हे प्रवासाची वेळ ठरवताना विसरू नये.

महाशिवरात्रीपासून वैशाखापर्यंत गावोगावच्या ग्रामदैवतांच्या जत्रा चालतात. खेड तालुक्यातील जत्रेचा प्राण म्हणजे बैलगाडा शर्यत. चढावर आखलेल्या धावपट्टीला ‘घाट’ म्हणतात, पुढे घोडी धावते, मागे बैलांच्या जोड्या गाडा ओढतात आणि निकाल सेकंदांवर लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यतींवर आणलेली बंदी २०२१ च्या डिसेंबरात अटींसह उठली आणि शर्यतींना मुभा देणाऱ्या राज्याच्या कायद्यावर त्याच न्यायालयात १८ मे २०२३ रोजी शिक्कामोर्तब झाले. पाहुण्याने घाटाच्या कडेला, दोरीच्या आत न जाता उभे राहावे, कारण बैल वळला तर पळायला जागा नसते. जत्रेच्या रात्री तमाशा असतो. त्याचे फड ठरवण्याच्या राहुट्या पुणे-नाशिक महामार्गावर पुढे नारायणगावला लागतात. जत्रेच्या दिवशी गावकरी कामगार रजा घेतोच, आणि हे जाणणारा पर्यवेक्षक त्या दिवसाची पाळी आधीच जुळवून ठेवतो.

या दोन कालगणना एकमेकींत कशा मिसळतात हे पाहायचे असेल तर खंडेनवमीचा दिवस निवडावा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शस्त्रे पूजण्याची जुनी रीत कारखान्यात हत्यारांच्या पूजेत बदलली आहे. भोसरीतील एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये त्या दिवशी लेथ आणि मिलिंग यंत्रे आदल्या संध्याकाळीच रॉकेलने पुसून ठेवलेली असतात. चकवर झेंडूची माळ, बेडवर हळद-कुंकू आणि पाटावर मांडलेले व्हर्निअर, मायक्रोमीटर, पाने व हातोडे, अशी मांडणी असते. मालक आणि कामगार एकाच सतरंजीवर बसतात, आरती होते, पेढे वाटले जातात आणि एरवी फाटकाच्या आत न येणारी कुटुंबे त्या दिवशी आपल्या माणसाचे यंत्र पाहून जातात. उत्तरेकडील कामगार विश्वकर्मापूजा १७ सप्टेंबरला करतात, तर महाराष्ट्रात विश्वकर्मा जयंती माघ शुद्ध त्रयोदशीस येते. एकाच शेडमध्ये दोन्ही साजऱ्या होताना दिसल्यास नवल मानू नये. या प्रसंगी बोलावणे आलेल्या परदेशी पाहुण्याने पादत्राणे पूजेच्या जागेबाहेर काढावीत, प्रसाद उजव्या हाताने घ्यावा आणि यंत्र चालू करून पाहण्याचा मोह आवरावा, कारण पूजा झालेले यंत्र त्या दिवशी बहुधा चालवत नाहीत.

पाळीच्या कालगणनेचे नियम अधिक रोखठोक आहेत. मोठे कारखाने तीन पाळ्यांत चालतात, ज्यांना बोलण्यात फर्स्ट, सेकंड आणि नाइट म्हणतात, आणि कार्यालयीन वेळेच्या पाळीला जनरल. सकाळी, दुपारी आणि रात्री पाळी बदलताना कंपनी बसगाड्या आणि दुचाकी यांचा लोंढा रस्त्यावर येतो, त्यात चाकणला मालवाहू कंटेनरची भर पडते आणि तळेगाव चौक, आंबेठाण चौक, तसेच तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता तासन्‌तास तुंबतो. शक्य असल्यास चाकणचा प्रवास दोन पाळ्यांच्या मधल्या वेळेत करावा. येथील अनेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार आठवडाभर वाटला जावा म्हणून उद्योगांना सुट्टीचा वार ठरवून देण्याच्या पद्धतीतून ती आली, आणि विजेच्या देखभालीची कामेही बहुधा गुरुवारीच निघत असल्याने त्या दिवशी वीज जाण्याची तयारी ठेवावी. महिन्याच्या सात ते दहा तारखेच्या सुमारास पगार होतात आणि त्यानंतरच्या सुट्टीला बाजार फुलतात. चाकणचा शनिवारचा आठवडे बाजार जनावरे आणि कांदा यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे.

पुण्याहून येण्यासाठी पुणे-लोणावळा लोकल ही स्वस्त आणि भरवशाची. तिची पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व देहूरोड ही स्थानके या पट्ट्यात पडतात. ६ मार्च २०२२ रोजी सुरू झालेली पुणे मेट्रो पिंपरीतील महापालिका भवनापासून शिवाजीनगरमार्गे स्वारगेटपर्यंत जाते. चाकणला लोहमार्ग नाही. तेथे पीएमपीएमएलची बस, एसटी किंवा शेअर रिक्षा यांवरच भिस्त ठेवावी लागते. रिक्षात बसण्याआधी भाडे ठरवावे आणि पत्ता सांगताना इमारतीच्या नावाआधी चौक, फाटा किंवा कंपनीचे गेट सांगावे, कारण येथील माणसाच्या मनातला नकाशा त्यांवरच उभा आहे. कारखाना पाहण्यासाठी आधी लेखी परवानगी लागते. फाटकावर ओळखपत्र दाखवून गेटपास घ्यावा लागतो, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवले जाते आणि पुढे बंद बूट व सुरक्षेचे शिरस्त्राण यांशिवाय प्रवेश मिळत नाही. हा अविश्वास समजू नये. नव्या गाडीचे सुटे भाग बाजारात येण्याच्या कितीतरी आधी या शेडमध्ये असतात.

खाण्यापिण्यात हा प्रदेश उदार आहे. सकाळी पोहे आणि मिसळ, पिंपरी कॅम्पात दाल-पकवान, महामार्गावर चुलीवरचे मटण व भाकरी आणि खेड-जुन्नरकडची मासवडी, म्हणजे बेसनाच्या पातळ थरात तीळ, खोबरे व कांद्याचे सारण भरून कापलेली आणि झणझणीत रश्श्यासोबत खाल्ली जाणारी वडी, हे चाखण्यासारखे आहे. आळंदी आणि देहू येथे मांस व मद्य यांचा विचारही करू नये, आणि एकादशीला यजमानाच्या घरी उपवास असेल हे गृहीत धरावे. घरी किंवा कार्यालयात पुढे आलेला चहा एकदम नाकारला तर यजमान खट्टू होतो. नको असल्यास ‘अर्धा द्या’ म्हणणे हा येथील सर्वमान्य तोडगा आहे. वयाने मोठ्या पुरुषास काका किंवा मामा, स्त्रीस मावशी, बरोबरीच्यास दादा किंवा ताई, आणि कारखान्यात अधिकाऱ्यास साहेब किंवा सर, असे संबोधन चालते. मशीनवरच्या ज्येष्ठ कामगाराला नुसत्या नावाने हाक मारणे उद्धटपणाचे मानले जाते.

या दोन कालगणनांचे जमते तसे त्यांचे बिनसतेही, आणि ते सर्वांत उघडपणे दिसते इंद्रायणीत. ज्या पाण्यात स्नान करून वारकरी दर्शनाला जातो त्याच पाण्यात वरच्या अंगाच्या वस्त्यांचे प्रक्रिया न झालेले सांडपाणी आणि उद्योगांचे रासायनिक पाणी मिसळत आले आहे, आणि आळंदीच्या घाटावर नदी पांढऱ्या फेसाने झाकलेली वारंवार दिसते. पाहुण्याने हे पाणी तीर्थ म्हणून प्राशन करू नये व त्यात अंघोळ टाळावी, असा स्पष्ट सल्ला येथे दिला आहे. तो देताना श्रद्धेचा अनादर होत नाही, उलट नदीची ही अवस्था न सांगणे हाच अनादर ठरेल. पावसाळ्यात पवनेला पूर आला की मोरया गोसावींच्या समाधी मंदिरात पाणी शिरते. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळच्या कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि माणसे दगावली. तेव्हा पावसाळी सहलीत जुने पूल, बंधारे व घाटांच्या निसरड्या पायऱ्या यांपासून दूर राहावे. चाकण एमआयडीसीच्या कडेला, वासुलीनजीक, भामचंद्र डोंगर आहे. तुकारामांनी तेथील गुहांत चिंतन केले असे परंपरा सांगते आणि तेथून खाली पसरलेल्या शेडांची छपरे दिसतात. उद्योगाचे क्षेत्र या डोंगराच्या किती जवळ यावे, याविषयी वारकऱ्यांनी आक्षेप नोंदवलेले आहेत आणि तो वाद समजून घेणाऱ्याला या प्रदेशाचे आजचे प्रश्न कोणत्याही अहवालापेक्षा लवकर उमगतील.

मार्गदर्शिकेची मर्यादाही सांगणे आवश्यक आहे. मेट्रोचे फाटे, बसचे क्रमांक आणि रस्त्यांची कामे यांविषयीचा मजकूर लवकर जुना होतो, म्हणून तो निघण्यापूर्वी पडताळून पाहावा. वारीच्या तिथी मात्र ठरलेल्या असल्या तरी इंग्रजी तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून पंचांग किंवा दिनदर्शिका जवळ बाळगावी. जून ते सप्टेंबर हा पावसाचा आणि वारीचा, ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा फिरण्यास सर्वांत सुखाचा आणि मार्च ते मे हा उन्हाचा व जत्रांचा काळ आहे. यांपैकी कोणता निवडावा हे पाहुण्याच्या हेतूवर अवलंबून राहील. पुढील प्रकरणांची मांडणी त्यामुळे ठिकाणांनुसार न करता मराठी महिन्यांनुसार केली असून प्रत्येक महिन्यात पाळ्या, बाजार, रस्ते आणि सुट्ट्या यांची माहिती जोडली आहे. एक सूचना मात्र सर्व महिन्यांना लागू आहे : देवळाचे शिखर आणि कंपनीचे फाटक पाहून झाल्यावर एक संध्याकाळ कामगारांच्या वस्तीतील खानावळीत घालवावी, कारण या पट्ट्याला आजचे रूप देणारी माणसे स्मारकांच्या यादीत नसतात, आणि बाहेरच्या माणसाने त्यांचे गाव, त्यांची पाळी आणि त्यांच्याकडची जत्रा यांविषयी विचारले तर ती आनंदाने सांगतात.